परदेशातून सिमवाला टॅब आणताय? आधी गावचा टॉवर बघा

आमच्या खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या बहुतेक गल्ल्यांतलं कुणी ना कुणी दुबई, मस्कत, कुवेत नाहीतर अमेरिकेत असतंच. सुट्टीवर यायच्या आधी त्याचा फोन येतो, "येताना काय आणू?" आणि आता शाळकरी पोरं असलेल्या घरातून बहुतेक वेळा एकच उत्तर जातं, टॅब आण. तोही सिमवाला, कारण घरात वायफाय नसतं. पलीकडून उत्तर, "आणतो की, त्यात काय एवढं!"

त्यात बरंच काही आहे. माझ्या धाकट्या दिरानं अमेरिकेतून पुतणीच्या एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या वर्षासाठी असाच एक टॅब आणला होता. तिथल्या एका मोबाइल कंपनीच्या दुकानातून, चांगल्या सवलतीत. घरी आल्यावर सिम घातलं तर पडद्यावर "सिम नॉट सपोर्टेड". तो टॅब त्या कंपनीशी कुलूपबंद होता. कुलूप काढून घ्यायला दोन महिने गेले. मग कळलं, आमच्या घरापर्यंत पोचणाऱ्या ४जी लहरी त्या टॅबला पकडताच येत नाहीत. शेवटपर्यंत तो फोनच्या हॉटस्पॉटवर चालला. पैशांपेक्षा मला त्या पोरीच्या हुकलेल्या ऑनलाइन तासांचं वाईट वाटतं. हे सगळं खरेदीच्या आधी पंधरा मिनिटांत तपासता आलं असतं, म्हणून पहिल्यांदाच असा टॅब मागवणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहिते आहे.

सिमवाला हवाच आहे का?

सिमवाला टॅब साध्या वायफाय टॅबपेक्षा महाग असतो आणि परदेशातून आणताना लागणारी निम्मीअधिक डोकेदुखी त्या सिममुळेच असते. आईचा किंवा आजोबांचा स्मार्टफोन दिवसभर घरात असेल, तर त्याचा हॉटस्पॉट लावून वायफाय टॅब उत्तम चालतो. पण घरात एकच फोन आणि तो सकाळी वडिलांबरोबर रानात किंवा बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात जात असेल, तर सिमवालाच घ्या.

आणखी एक फरक पुष्कळांना माहीत नसतो. वायफायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतं, सिमवाल्यात असतं. चोर्ला घाटातून गाडी नेताना नकाशा हवा असेल किंवा शेताच्या कडेनं चालत अंदाजे मोजणी करायची असेल, तर याचा उपयोग होतो.

गावात कोणता टॉवर लागतो ते आधी शोधा

बहुतेक जण या पायरीवर चुकतात, म्हणून इथे थोडं थांबते.

मोबाइल कंपन्या वेगवेगळ्या लहरींवर ४जी देतात. या लहरींच्या पट्ट्यांना बँड म्हणतात आणि प्रत्येकाला क्रमांक असतो. भारतात जिओ मुख्यतः बँड ३, ५ आणि ४० वापरतं. एअरटेल १, ३, ८ आणि ४० वर आहे, व्हीआय १, ३, ८ आणि ४१ वर. बीएसएनएलचं ४जी प्रामुख्यानं बँड २८ आणि १ वर चालतं. टॅबच्या माहितीत हे क्रमांक नसतील तर तो कितीही महागाचा असला तरी तुमच्या घरात खेळणंच.

आता या क्रमांकांचा आपल्या भागाशी संबंध बघा. बँड ५ म्हणजे ८५०, बँड ८ म्हणजे ९०० आणि बँड २८ म्हणजे ७०० मेगाहर्ट्झ. या खालच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतून, झाडीतून बऱ्यापैकी आत शिरतात. बँड ४० आणि ४१ म्हणजे २३०० आणि २५०० मेगाहर्ट्झ. यांचा वेग चांगला, पण पल्ला कमी. बेळगाव शहरात, टिळकवाडीत किंवा शहापुरात राहत असाल तर बँड ४० नसल्यानं वेग मार खातो. जांबोटी, कणकुंबी, भीमगडच्या जंगलपट्ट्यात राहत असाल तर खालचा बँड नसल्यावर एक काडीही दिसत नाही. मातीच्या जाड भिंती आणि वर कौलं असलेल्या घरात मधल्या खोलीत बसून तास बघायचे असतील, तर खालच्या बँडवाचून चालतच नाही. बीएसएनएलनं आपलं देशी बनावटीचं ४जी जाळं २०२५ च्या सप्टेंबरमध्ये देशभर सुरू केलं. ज्यांच्या गावात दुसरं कुणी नीट लागत नाही त्यांनी टॅबमध्ये बँड २८ आहे याची खात्री केल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

सीमेवरच्या गावांची आणखी एक गोष्ट. लहरींचा लिलाव दूरसंचार विभागांनुसार होतो. बेळगाव, निपाणी, खानापूर कर्नाटक विभागात. कागल, चंदगड महाराष्ट्र-गोवा विभागात. एकाच कंपनीकडे दोन विभागांत वेगवेगळ्या लहरी असू शकतात. सीमेला लागून असलेल्या गावात फोन कधी इकडचा टॉवर धरतो, कधी तिकडचा. देशात रोमिंगचा वेगळा खर्च आता राहिला नसल्यानं आपल्याला ते कळतही नाही. म्हणून नुसत्या यादीवर विसंबू नका, प्रत्यक्ष बघा. अँड्रॉइड फोनवर नेटमॉन्स्टर किंवा सेलमॅपर हे ॲप घाला. आयफोन असेल तर *३००१#१२३४५#* डायल केल्यावर आतली माहिती उघडते. जिथे पोर अभ्यासाला बसणार त्या जागी, वायफाय बंद करून, बँडचा आकडा बघा. एकदा सकाळी, एकदा रात्री. दोन कंपन्यांची सिमं शेजाऱ्यांकडून मागून बघितलीत तर उत्तम. जो आकडा येईल तो कागदावर लिहा आणि त्याचा फोटो परदेशातल्या माणसाला पाठवा.

५जीसाठी जादा पैसे मोजायचे का, असं मला बरेच जण विचारतात. भारतात ५जी २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झालं. त्यासाठी टॅबमध्ये एन७८ हा ५जीचा बँड हवा, जिओसाठी एन२८ ही असला तर बरं. पण गावाकडच्या अभ्यासाला चांगलं ४जी पुरतं, हे माझं स्वच्छ मत. तोच पैसा जास्त साठवणुकीत घाला.

नाव एक, मॉडेल वेगळं

दुकानात टॅबचं नाव सारखंच असतं, पण देशागणिक आतला रेडिओ, म्हणजे लहरी पकडणारा भाग बदलतो. म्हणून परदेशातल्या माणसाला नाव सांगू नका, मॉडेल क्रमांक विचारा. उदाहरण देते. सॅमसंगचा गॅलेक्सी टॅब ए८ घ्या. एसएम-एक्स२०० हा वायफायवाला, एसएम-एक्स२०५ हा सिमवाला आणि एसएम-एक्स२०७ हा अमेरिकेतला सिमवाला. खोका तिघांचा जवळपास सारखाच दिसतो. मॉडेल क्रमांक खोक्याच्या मागं बारीक अक्षरात असतो. त्याचा फोटो मागवा आणि कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच क्रमांकाची बँडची यादी काढून आपल्या कागदाशी ताडून बघा.

माझा अनुभव असा, की आखाती देश आणि सिंगापूर इथं मिळणारे टॅब आपल्याकडच्या लहरींशी बरे जुळतात. अमेरिकेतल्या मोबाइल कंपन्यांच्या दुकानांतले स्वस्त अँड्रॉइड टॅब तिथल्याच बँडसाठी बनवलेले असतात, ते टाळलेलेच बरे. आयपॅड याबाबतीत उदार असतात, त्यांत बरेच बँड येतात. चीनमध्ये विकल्या जाणाऱ्या अँड्रॉइड टॅबवर गूगलच्या सेवा आधीपासून नसतात, त्यामुळे शाळेचे वर्ग आणि प्ले स्टोअर दोन्ही अडतात. चीनमधून स्वस्तात मिळतोय म्हणून कुणी सांगितलं तर नको म्हणा.

आपल्या घरांत मराठी आणि कन्नड दोन्ही कळफलक लागतात. पोराला शाळेत कन्नड, घरात मराठी, आणि जमिनीचा उतारा बघायचा तर सगळं कन्नडमध्ये. आयपॅडवर दोन्ही कळफलक आहेत, अँड्रॉइडवर गूगलच्या जीबोर्डमध्ये आहेत.

फोन करण्याचंही सांगून ठेवते. सिमवाल्या आयपॅडवरून साधा फोन लागत नाही, सिम फक्त इंटरनेटसाठी. भारतात विकल्या जाणाऱ्या सॅमसंगच्या काही टॅबवरून फोन लागतो, पण अमेरिकेतल्या नगांवर ती सोय नसते. आजीला टॅबवरून फोन करायचा असेल तर हे आधी विचारा. आणि यूएईत विकलेल्या आयपॅडवर फेसटाइम, म्हणजे ॲपलचा व्हिडिओ कॉल चालेल का, हेही दुकानातच विचारा. तिथल्या नियमांमुळे त्या देशातल्या नगांवर ही अडचण आलेली आहे. व्हॉट्सअॅपचा कॉल मात्र भारतात आल्यावर व्यवस्थित लागतो.

कुलूप

टॅब नेहमी ब्रँडच्या स्वतःच्या दुकानातून किंवा मोठ्या विद्युत वस्तूंच्या दुकानातून, रोख किंवा कार्डानं पूर्ण पैसे भरून घ्यायचा. मोबाइल कंपनीच्या दुकानातून हप्त्यानं घेतलेला टॅब बऱ्याच देशांत त्या कंपनीशी कुलूपबंद असतो. कॅनडात डिसेंबर २०१७ पासून आणि ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१ पासून मोबाइल कंपन्यांना कुलूपबंद फोन विकायला बंदी आहे, जपाननंही २०२१ मध्ये तसाच नियम केला. अमेरिकेत तसं नाही, तिथं डोळ्यांत तेल घालून बघायचं.

बघायचं कसं? आयपॅडवर सेटिंग्जमध्ये जनरल, त्यात अबाउट उघडा. "कॅरियर लॉक" समोर "नो सिम रिस्ट्रिक्शन्स" असं असेल तर मोकळा. अँड्रॉइडवर सोपा मार्ग म्हणजे दुसऱ्या कंपनीचं सिम घालून बघणं. सुट्टीवर येणाऱ्याकडे भारताचं सिम असतंच, तेच घालावं. हे दुकानातून बाहेर पडायच्या आधी करा, विमानतळावर नको.

वापरलेला टॅब घेत असाल तर जुन्या मालकानं आपलं खातं काढलंय का, ते त्याच्या समोर बघा. आयपॅडवर "फाइंड माय" बंद झालं पाहिजे. एखाद्या शाळेचा किंवा कंपनीचा टॅब असेल तर तो पुसल्यावरही पुन्हा त्यांच्याच ताब्यात जातो, तसला फुकट मिळाला तरी घेऊ नका.

सिमची खाच की ई-सिम

२०२४ पासून निघालेल्या आयपॅड प्रो, आयपॅड एअर आणि आयपॅड मिनीत सिमची खाचच नाही, फक्त ई-सिम, म्हणजे टॅबमध्येच बसवलेलं सिम. २०२५ च्या साध्या आयपॅडचंही तेच. जिओ, एअरटेल, व्हीआय ई-सिम देतात, त्यामुळे हे टॅब आपल्याकडे चालतात. पण बीएसएनएलवरच अवलंबून असणाऱ्या गावात असाल तर मी सिमची खाच असलेलाच टॅब घ्यायला सांगेन.

ई-सिमचं काम असं चालतं. आधी साधं सिम आधार देऊन घ्यायचं आणि ते फोनमध्ये चालू करायचं. मग त्याच नंबरवरून ई-सिमची मागणी करायची. जिओसाठी टॅबचा ३२ अंकी ईआयडी (ई-सिमचा ओळख क्रमांक) आणि १५ अंकी आयएमईआय (टॅबचा ओळख क्रमांक) १९९ वर एसएमएसनं पाठवावे लागतात. हे दोन्ही आकडे अबाउटमध्येच मिळतात. अंक मोजून घ्या, एक चुकला की मागणी परत येते. मंजुरीचे संदेश त्याच नंबरवर फोनमध्ये येतात, म्हणून काम पुरं होईपर्यंत सिम फोनमधून काढू नका.

यात एक मोठी गोम आहे. नंबर एकदा आयपॅडमध्ये गेला की त्यावर येणारा ओटीपीचा एसएमएस तुम्हाला दिसत नाही. आयपॅड सिमचे एसएमएस दाखवत नाही. म्हणून टॅबसाठी घेतलेला नंबर बँकेला, आधारला, गॅसला, कुठंही जोडू नका. रिचार्जसुद्धा तुमच्या फोनमधल्या ॲपवरून करा. आणि "तुमचं ई-सिम चालू करून देतो, आलेला कोड सांगा" असा फोन कुणाचाही आला तर तो ठेवून द्या. तो कोड देणं म्हणजे आपला नंबर दुसऱ्याच्या हातात देणं.

कर परत मिळतो का?

दुबईत ५ टक्के व्हॅट असतो. २५० दिरहमांच्या वरच्या खरेदीवर पर्यटकांना त्यातला बराचसा भाग परत मिळतो. पण तिथं नोकरीला असलेल्या, रहिवासी परवाना असलेल्या माणसाला तो मिळत नाही. आपल्याकडची बहुतेक माणसं नोकरीवालीच, त्यामुळे हा हिशोब धरू नका. सिंगापुरात २०२४ पासून जीएसटी ९ टक्के आहे आणि पर्यटकाला १०० सिंगापूर डॉलरच्या वरच्या खरेदीवर परतावा मिळतो. ब्रिटननं ही सोय २०२१ च्या सुरुवातीला बंद केली. अमेरिकेत किमतीच्या पाटीवर कर धरलेला नसतो, तो बिलात चढतो. ओरेगॉन, डेलावेअरसारख्या राज्यांत विक्रीकरच नाही.

हे सगळं धरून भारतातली किंमत समोर ठेवा. फरक चार-पाच हजारांचाच असेल तर बेळगावातच घ्या. वॉरंटीचा कागद हातात राहतो, तोही पैसाच. आयपॅडच्या सिमवाल्या नगाची दुरुस्ती, तो ज्या देशात विकला त्याच देशापुरती ठेवण्याचा हक्क ॲपलनं स्वतःकडे ठेवलेला आहे. सॅमसंगच्या टॅबची वॉरंटीही साधारण त्या त्या देशापुरतीच असते.

विमानतळावर

बेळगावच्या सांबरा विमानतळावर परदेशातून थेट विमान येत नाही. त्यामुळे सीमाशुल्काचं काम मुंबई, बेंगळुरू किंवा गोव्यात मोपा-दाबोळीला होतं. २०१६ च्या नियमांत परदेशातून येणाऱ्या भारतीय प्रवाशाला एकूण ५०,००० रुपयांपर्यंतच्या वस्तू शुल्काशिवाय आणता यायच्या. २०२६ च्या फेब्रुवारीपासून ही मर्यादा ७५,००० झाली आहे. पूर्वी आणलेल्यांचे सल्ले ऐकताना हा बदल ध्यानात ठेवा. हा आकडा एका टॅबचा नाही, त्या माणसानं आणलेल्या सगळ्या नव्या वस्तूंचा मिळून आहे. नवरा-बायकोच्या मर्यादा एकत्र करून एक महाग वस्तू आणता येत नाही.

लॅपटॉप वेगळा सुटतो हे पुष्कळांनी ऐकलेलं असतं. ते खरं आहे. पण टॅब त्यात धरून चालू नका. बिल खिशात ठेवा, खोका फेकू नका. मर्यादा ओलांडत असेल तर लाल मार्गानं, म्हणजे शुल्काच्या वस्तू जाहीर करायच्या रांगेतून जाऊन सांगा. सीमाशुल्क खात्याचं "अतिथी" नावाचं ॲप आहे, त्यावर आधीच नोंद करता येते.

इथून टॅब घेऊन परदेशी जाणाऱ्यांनी जातानाच सीमाशुल्काकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावं, म्हणजे परत येताना तोच टॅब नवा समजून शुल्क लागत नाही. कुरिअरनं मागवायचा झाला तर २०२३ च्या नियमानुसार एक टॅब आयात परवान्याशिवाय येतो, पण प्रवाशाची सवलत त्याला लागू होत नाही, शुल्क भरावंच लागतं. मी कुणाला कुरिअरचा सल्ला देत नाही.

घरी आल्यावर

आखाती देशातल्या चार्जरला तीन जाड चौकोनी पिना असतात, आपल्या बोर्डात बसत नाहीत. चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, तेव्हा वीज चालते, फक्त पिनेचा प्रश्न. स्वस्त जोडपिना सैल बसून ठिणग्या पाडतात, त्यापेक्षा इथला एक चांगला चार्जर घ्या.

सिम घातल्यावर काड्या दिसतात पण इंटरनेट चालत नाही, अशी तक्रार येते. बहुतेक वेळा एपीएन, म्हणजे इंटरनेटला जोडायचं कंपनीचं नाव भरायचं राहिलेलं असतं. जिओचं "जिओनेट", बीएसएनएलचं "बीएसएनएलनेट", एअरटेलचं "एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम". हे इंग्रजी लहान अक्षरांत, मधे जागा न सोडता सेटिंग्जमध्ये भरा, मग टॅब बंद करून पुन्हा चालू करा.

आयएमईआय क्रमांक वहीत लिहून ठेवा. आपण वाण्याचा हिशोब लिहितो त्याच वहीत लिहिला तरी चालेल, पण टॅबच्या बाहेर कुठंतरी हवा. टॅब चोरीला गेला तर आधी पोलिसांत तक्रार नोंदवा, मग सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर हा क्रमांक घातला की तो भारतात कुठल्याच सिमवर चालत नाही. वापरलेला टॅब घ्यायच्या आधी "केवायएम" लिहून जागा सोडून हाच क्रमांक १४४२२ वर पाठवला तर त्याची नोंद कशी आहे ते कळतं. हे इथंही लागू आहे, खडेबाजारात जुना टॅब बघायला गेलात तरी.

आणि आणणारा माणूस परत जायच्या आत पोराला त्याच्या रोजच्या जागी बसवून एक पूर्ण तास टॅबवर बघू द्या, वायफाय बंद ठेवून. काही बिनसलं तर पावती त्याच्याकडे आहे, दुकान त्याच्या गावात आहे, आणि परत देण्याची मुदत बहुतेक ठिकाणी थोड्याच दिवसांची असते. महिनाभराची सुट्टी असेल तर ही मुदत इथंच संपून जाते, म्हणून शक्य असेल तर निघायच्या अगदी शेवटच्या दोन-तीन दिवसांत खरेदी करायला सांगा आणि घरी पोचल्या संध्याकाळीच सिम घाला.